पंख्याच्या तोलाची कैफियत

१९०८ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर या लष्करी ठाण्यावर ऑर्व्हिल राइट हा अमेरिकन सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे आपले विमान उडवून दाखवीत होता आणि त्याच्या शेजारी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज नावाचा तरुण अधिकारी उतारू म्हणून बसला होता. विमानाला पूर्वीच्यापेक्षा किंचित लांब असे नवे लाकडी पंखे नुकतेच चढविले होते. मैदानाभोवती काही फेऱ्या बिनबोभाट पार पडल्यावर मागील बाजूने प्रथम हलकी टकटक आणि तिच्यामागोमाग दोन जड ठोके ऐकू आले, सारे यंत्र थरथरू लागले, आणि ऑर्व्हिलने इंजिन बंद करून उतरण्याची शिकस्त केली तरी विमान नाकावर येऊन जमिनीवर आदळले. ऑर्व्हिल जबर जखमी झाला. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी मरण पावला, आणि यांत्रिक विमानाच्या अपघातात प्राणास मुकलेला पहिला मनुष्य म्हणून त्याची नोंद झाली. पुढे अवशेषांची तपासणी झाली तेव्हा निष्पन्न झाले ते असे : उजव्या पंख्याच्या एका पात्याला लांबीच्या दिशेने चीर गेली होती, त्यामुळे त्या पात्याचा बाक मोडून ते चपटे पडले आणि त्याचा रेटा घटला, दुसऱ्या पात्याचा रेटा मात्र पूर्वीइतकाच राहिला, या विषमतेतून जो कंप उत्पन्न झाला त्याने पंख्याच्या आसाचा आधार ढिला केला, आणि आपल्या जागेवरून सरकलेल्या पात्याने सुकाणूला ताणून धरणारी तार तोडली. तोल गेला होता तो वजनाचा नव्हे, रेट्याचा. परंतु परिणाम तोच.

राइट बंधूंना हा शत्रू अगदीच अनोळखी होता असे नाही. १९०३ च्या नोव्हेंबरात किटी हॉकच्या वाळूवर त्यांनी आपले पहिले विमान जुळवून इंजिन चालविले तेव्हा इंजिनाच्या धक्क्यांनी साखळीची दातेरी चाके आसावर सैल होऊ लागली, ती सायकलच्या टायरला वापरावयाच्या सिमेंटाने चिकटवून कशीबशी घट्ट केली, तोच पंख्याच्या पोकळ आसाला चीर गेली, आणि अखेर ऑर्व्हिलला भरीव पोलादाचे नवे आस करवून आणण्यासाठी डेटनपर्यंतचा प्रवास करावा लागला. तो ११ डिसेंबरला परत आला आणि १७ डिसेंबरला इतिहास घडला. त्या विमानाचे साडेआठ फुटी पंखे स्वतः दोघा भावांनी स्प्रूसच्या थरांतून कोरून काढलेले होते, आणि पंखा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून गोल फिरणारा विमानाचा पंखच होय हे मर्म त्यांच्याआधी कोणास इतक्या स्पष्टपणे उमगले नव्हते. पंखे उत्तम होते. इंजिनही त्या काळाच्या मानाने वाईट नव्हते. दोष होता तो दोहोंच्या जोडणीत. पंखा चांगला, इंजिन चांगले, आणि तरीही त्यांचा संसार वाईट, हा प्रकार विमानविद्येबरोबरच जन्मास आला, आणि पंख्याचा तोल साधण्याच्या कसबाचा पुढला सारा इतिहास म्हणजे तोल हा एकट्या पंख्याचा गुण नसून फिरणाऱ्या सगळ्या जोडणीचा गुण आहे, हे हळूहळू उमजत जाण्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभीची काही वर्षे हे कसब निखळ सुताराचे होते. पॅरिसचा ल्युसियाँ शोव्हिएर हा या विद्येतला पहिला नामांकित कारागीर. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ इंग्लिश खाडी ओलांडून गेला तो शोव्हिएरच्याच 'अँतेग्राल' पंख्याच्या बळावर. अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या पातळ फळ्या एकमेकींवर पायऱ्यांसारख्या किंचित वळवीत रचून सरसाने चिकटवावयाच्या, शिकंज्यात आवळून वाळू द्यावयाच्या, आणि मग त्या ओबडधोबड लगडीतून पटाशी, रंधा व दुहाती सुरी यांच्या साहाय्याने दोन पाती आणि मधला तुंबा कोरून काढावयाचा, ही त्याची रीत. कोन व जाडी पडताळण्यासाठी पत्र्याचे साचे असत. परंतु वजन पडताळण्यासाठी साचा कोठून येणार? एकाच झाडाच्या दोन फळ्यांचे वजनही सारखे नसते, आणि एकाच फळीचे बुंध्याकडचे टोक शेंड्याकडच्या टोकापेक्षा जड निघते. म्हणून सगळी कोरणी झाल्यावर तुंब्याच्या भोकातून एक घोटीव पोलादी दांडा ओवून तो पाणसळीने समतल केलेल्या दोन तीक्ष्ण धारांवर ठेवीत. पंखा आडवा धरून सोडला की जड पाते खाली जाई. मग हलक्या पात्यावर रोगणाचा आणखी एक हात द्यावयाचा, किंवा पात्याच्या टोकाला संरक्षणासाठी जो पितळी पत्रा मढवीत त्याच्यावर थोडा डाख ओघळू द्यावयाचा, आणि पुन्हा धारांवर ठेवून पाहावयाचे. आडव्या स्थितीत पंखा निश्चल राहू लागला म्हणजे अर्धे काम झाले. कारण तोच पंखा उभा केला असता डावीकडे वा उजवीकडे कलू लागला तर दोष पात्यांत नसून तुंब्यात आहे असे समजावे लागे, आणि त्याला पात्यावरचे रोगण काही केल्या उपयोगी पडत नसे. तुंब्याच्या हलक्या अंगास शिशाचा किंवा पितळेचा तुकडा बसविणे हाच इलाज. कोणत्याही अवस्थेत सोडला तरी पंखा आहे तेथेच स्वस्थ राहिला, की कारागीर त्यावर आपला शिक्का मारीत असे.

पहिल्या महायुद्धात या कामाची मागणी इतकी वाढली की इंग्लंडातील लाकडी सामानाचे आणि पियानोचे कारखाने सरकारी मक्ते घेऊन पंखे करू लागले, आणि त्यांच्या कर्मशाळांतून स्त्रिया रोगणाचे व घासकामाचे काम करू लागल्या. जर्मनीतही तीच कथा. बर्लिनच्या एका कारखान्याने तर आपल्या पंख्यांना 'गरुड' हे नाव दिले होते, आणि विष्णूच्या वाहनाचे नाव धारण केलेले हे जर्मन लाकूड फ्लँडर्सच्या आकाशात फिरत होते, ही गोष्ट आमच्या पुराणाभिमानी मंडळींच्या नजरेतून कशी निसटली याचे मला नवल वाटते.

लाकडाला मात्र एक खोड होती आणि ती अजून आहे. लाकूड हवेतला दमटपणा शोषून घेते, आणि तो दोन्ही पात्यांत सारखाच शोषला जाईल अशी हमी नसते. पंखा विमानावरच एक पाते वर व एक खाली अशा उभ्या स्थितीत बरेच दिवस राहिला की ओल खालच्या पात्यात उतरते आणि कारखान्यातून बिनचूक निघालेल्या पंख्याचा तोल हँगरमध्ये उभ्या उभ्या बिघडतो. यासाठी लाकडी पंखा आडवा ठेवावा असा दंडक पडला, आणि पितळी टोकांना अगदी बारीक छिद्रे पाडण्याचा प्रघात पडला, जेणेकरून आत साचलेले पाणी केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकले जावे.

आता इंजिनाकडे वळू. सेगँ बंधूंनी पॅरिसजवळ सिद्ध केलेले 'नोम' हे इंजिन त्या दशकातले खरे आश्चर्य होय. १९०९ च्या ऑगस्टात ऱ्हाँस येथे भरलेल्या विमानमेळाव्यात आंरी फार्माँने दीर्घ पल्ल्याचे पारितोषिक जिंकले ते याच इंजिनावर. सात सिलिंडर, ५० अश्वशक्ती, आणि वजन अवघे सुमारे ७५ किलो. यातला क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला कायमचा जखडलेला असे आणि चक्राच्या आऱ्यांसारखे बसविलेले सिलिंडर, आपल्या पेटीसह आणि तिला जोडलेल्या पंख्यासह, त्याच्याभोवती मिनिटाला सुमारे १,२०० फेरे घेत. प्रथमदर्शनी हा उलटा कारभार वाटतो. परंतु त्यात एक सूक्ष्म सौंदर्य होते. साध्या इंजिनात दट्ट्या पुढे धावतो, थांबतो, मागे धावतो, आणि या येरझारीचा धक्का सांगाड्याला बसतो. नोममध्ये सिलिंडर एका केंद्राभोवती फिरत आणि दट्टे किंचित बाजूच्या दुसऱ्या केंद्राभोवती. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने येरझार कोणीच करीत नसे, सगळे वर्तुळातच फिरत. हे इंजिन जितके गुळगुळीत चाले तितके त्या काळी दुसरे कोणतेही चालत नसे. वेगळ्या गतिचक्राची, पाणी फिरविणाऱ्या नळ्यांची गरज नाही. इंजिन हेच गतिचक्र, आणि पंखा त्याचाच एक अवयव.

येथे तोलाचा प्रश्न एका अर्थाने सुटला होता आणि दुसऱ्या अर्थाने अधिकच अवघड झाला होता. सुटला अशासाठी की पंखा आणि इंजिन यांचा वेग एकच, आस एकच, आणि त्यांचा एकत्र तोल साधला म्हणजे काम भागले. अवघड अशासाठी की एका सिलिंडराच्या भिंतीची जाडी दुसऱ्यापेक्षा केसभर कमी निघाली तरी तो फरक पंख्याच्या खात्यावर जमा होत असे. म्हणूनच नोमचे सिलिंडर भरीव पोलादातून यंत्रावर कोरून काढीत आणि हे काम फार खर्चाचे ठरे. शिवाय एवढे मोठे वस्तुमान फिरू लागले की ते भोवऱ्याचा धर्म दाखविते. सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उजवीकडे वळविले की नाक खाली घाली आणि डावीकडे वळविले की वर उचली, आणि या स्वभावाने शत्रूइतकीच स्वपक्षाच्या नवशिक्यांचीही हानी केली. १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरच्या २८ क्रमांकाच्या पथकातून हे विमान उडविणाऱ्यांत हरदितसिंग मलिक हे हिंदी वैमानिकही होते. या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल लागे, कारण पेट्रोलात विरघळत नाही असे ते एकच हाताशी असलेले चांगले तेल होते. ते एकदा वापरले की जळक्या वायूबरोबर बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर त्याचा फवारा बसे. एरंडीच्या बियांचा जगातला प्रमुख पुरवठा तेव्हा हिंदुस्थानातून होत असे, तेव्हा युरोपच्या आकाशातील त्या युद्धात आमच्या शेतकऱ्यांचाही थोडा हातभार होता असे म्हणण्यास हरकत नाही. एरंडेलाच्या वाफा पोटात गेल्याने वैमानिकांची जी त्रेधा उडे म्हणून सांगतात, तिचा अनुभव ज्याला बालपणी आजीने दिला आहे त्याला अधिक विवरणाची गरज नाही.

महायुद्ध संपले आणि नोमच्या कुळाचा अस्त झाला. सिलिंडर स्थिर राहून क्रँकशाफ्ट फिरणाऱ्या इंजिनांचा जमाना आला. पाठोपाठ १९२० नंतर सिल्व्हेनस रीडचा धातूचा पंखा आला आणि रोगणाच्या हातांनी वजन साधण्याची सोय गेली. तोल पाहण्याची यंत्रेही बदलली. फ्रांझ लावाचेक या जर्मन अभियंत्याने १९०७ च्या सुमारास फिरत्या अवस्थेतच वस्तूचा तोल पाहणारे यंत्र योजिले होते आणि डार्मस्टाटच्या शेंक कारखान्याने ते बाजारात आणले. ते मोठ्या कारखान्यांत राहिले. धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या विमानाचा तोल जागच्या जागी पाहण्याची कल्पना व्यवहारात यावयास विजेवर चालणारी कंपमापके आणि क्षणदीप यांची वाट पाहावी लागली. क्षणदीपाची विद्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत हॅरॉल्ड एजर्टनने १९३० नंतर प्रौढावस्थेस नेली. ठरावीक क्षणी लखलखणाऱ्या त्या दिव्याच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि जड अंग घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आहे ते सांगता येते. हेलिकॉप्टरच्या भल्या थोरल्या पात्यांसाठी ही साधने प्रथम सिद्ध झाली आणि तेथून ती लहान विमानांकडे आली.

घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांची परंपरा याच काळात फोफावत होती. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपोलने १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या मोटारीचे इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसविले. फ्रान्समध्ये आंरी मिन्येने १९३३ मध्ये आपले चिमुकले विमान उडविले आणि पुढच्या वर्षी त्याची कृती पुस्तकरूपाने सर्वांस खुली केली, तेव्हा इंग्लंड-फ्रान्समधील शेकडो हौशी लोक गराजात करवत घेऊन उभे राहिले. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनीने विस्कॉन्सिन राज्यात हौशी बांधणाऱ्यांची संघटना स्थापिली, आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉश गावी भरतो. अमेरिकन कायद्याने अशा विमानांचा 'प्रायोगिक' असा स्वतंत्र वर्ग केला आहे. बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेला असला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. याच वर्गाच्या नियमांतले एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. इंजिन आणि पंखा यांची जोडी पूर्वी सरकारमान्य झालेली असेल तर नव्या विमानाने नेमलेल्या हद्दीत २५ तास परीक्षा-उड्डाण करावे, नसेल तर ४० तास, असा तो दंडक आहे. इंजिन मान्य आहे का, पंखा मान्य आहे का, एवढे विचारून सरकारी तपासनीस थांबत नाही. तो जोडीची सनद मागतो. सुतारांना जे कळावयास दोन पिढ्या लागल्या ते दप्तरी भाषेत इतक्या थोडक्यात उतरलेले पाहून समाधान वाटते.

आपल्याकडे या बाबतीत कायदा फार उदार नव्हता. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले; त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळावयास २०१९ साल उजाडले. गच्चीवर विमान बांधण्यापेक्षा कचेरीतून कागद बाहेर काढणे अवघड, हा अनुभव मराठी माणसास नवा नाही.

मोटारीचे इंजिन विमानाला बसविण्याच्या या हौशी परंपरेत १९७० नंतर एक नवे प्रकरण सुरू झाले, आणि त्याचा नायक पुन्हा एक फिरते इंजिन आहे. पण नोमपासून अगदी निराळे. फेलिक्स वांकेल हा जर्मन गृहस्थ १९०२ मध्ये जन्मला. एनएसयू या कंपनीत त्याच्या कल्पनेचे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. त्यात कमानीसारख्या तीन बाजू असलेली फिरकी तर फिरेच, परंतु तिच्याभोवतालचे घरही फिरे, आणि दोघे आपापल्या निरनिराळ्या केंद्रांभोवती फिरत असल्याने तोलाच्या दृष्टीने ते जवळजवळ निर्दोष होते. सेगँ बंधूंच्या इंजिनाशी याचे हे साम्य सहसा कोणी सांगत नाही. परंतु ठिणगीचा प्लग बदलावयाचा तर अख्खे इंजिन उकलावे लागे. म्हणून हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने घर स्थिर केले आणि फिरकीला उत्केंद्र दंडावर फिरत फिरत प्रदक्षिणाही घालावयास लावले. इंजिन व्यवहार्य झाले, पण स्वाभाविक तोल गेला. आता उत्केंद्र फिरकीचे वजन तोलण्यासाठी दंडाच्या टोकांना प्रतिभार लावणे प्राप्त झाले. वांकेलला हा बदल रुचला नाही. इतिहासाने मात्र पाश्केच्या बाजूने निकाल दिला.

जपानच्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझ्दा, कंपनीने १९६१ मध्ये परवाना घेतला, केनिची यामामोतो यांच्या हाताखाली तरुण अभियंत्यांचा एक गट नेमला, आणि घराच्या आतील भिंतीवर फिरकीच्या टोकांमुळे पडणाऱ्या ओरखड्यांशी अनेक वर्षे झुंज देऊन १९६७ मध्ये कॉस्मो ही मोटार विक्रीस काढली. तेव्हापासून दोन फिरक्यांची इंजिने लाखोंनी निघाली. अमेरिकेतील भंगारवाड्यांतून ती स्वस्तात मिळू लागल्यावर विमानाचे इंजिन घेण्याची ऐपत नसलेल्या पण हाताने चोख असलेल्या हौशी बांधणाऱ्यांनी त्यांना हात घातला, यात नवल नाही. लॉकहीड कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या निःशब्द टेहळणी विमानाच्या प्रयोगात कर्टिस-राइटचे वांकेल इंजिन उडवून पाहिलेच होते. या इंजिनात झडपा नाहीत, दट्टे नाहीत, हलणारे भाग मोजके. बिघाड झाला तर बहुधा शक्ती घटते, इंजिन एकाएकी अडकून बसत नाही. आणि आकाशात हा गुण मोठा.

परंतु ज्याला १३-बी म्हणतात त्या, दोन मिळून १,३०८ घन सेंटिमीटर आकारमानाच्या फिरक्यांच्या इंजिनापासून भरघोस शक्ती मिळवावयाची तर त्याचा उत्केंद्र दंड मिनिटाला ६,००० किंवा अधिक फेऱ्यांनी फिरवावा लागतो, आणि त्या वेगाने पंखा फिरला तर पात्यांची टोके ध्वनीचा वेग ओलांडतील. म्हणून इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वेग उतरविणारी गिअरपेटी आली, आणि तिच्याबरोबर तोलाचे सारे गणित पालटले. नोममध्ये पंखा, इंजिन आणि आस यांचा एकच वेग होता. येथे तीन वेग आहेत. २.८५ प्रमाणाची गिअरपेटी धरली तर दंड ६,००० फेरे घेत असताना पंखा सुमारे २,१०५ फेरे घेतो. आणि फिरकी दंडाच्या एकतृतीयांश वेगाने फिरत असल्यामुळे तिचे होतात २,०००. पंख्याचा दोष आणि फिरकीचा दोष यांच्या कंपनसंख्या इतक्या जवळ येतात की साधे कंपमापक त्यांना निरनिराळे ओळखू शकत नाही, आणि बांधणाऱ्याला मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा चढणारी-उतरणारी एक चमत्कारिक घरघर तेवढी जाणवते. पंखा उतरवून धारांवर ठेवावा तर तो निर्दोष. पुन्हा चढवावा तर घरघर कायम. गिअरांच्या दात्यांना बसणारे पिळाचे हिसके हा आणखी एक वेगळा आजार. त्यावर दंड आणि गिअरपेटी यांच्यामधली लवचीक तबकडी हेच औषध, आणि कितीही वजने लावली तरी त्याला उतार पडत नाही.

प्रतिभारांचे प्रकरण तर हमखास फसविणारे. फिरक्यांवर त्यांच्या वजनाच्या प्रतीनुसार कारखान्यात अक्षरे कोरलेली असतात, आणि निरनिराळ्या सालांच्या फिरक्या कमीअधिक जड असल्याने त्यांना त्या त्या सालाचेच प्रतिभार लागतात. हाताने गिअर टाकण्याच्या मोटारीत मागचा प्रतिभार गतिचक्रातच घडविलेला असतो. विमानात जड गतिचक्र नको म्हणून बांधणारा स्वयंचलित गिअरांच्या मोटारीतला सुटा प्रतिभार आणि पातळ तबकडी घेतो. एका सालाच्या फिरक्या आणि दुसऱ्या सालाचा प्रतिभार असे गोत्र जुळविले तर मग पंख्यावर कितीही वजने लावा, कंप जाणार नाही. कारण तो पंख्याचा नाहीच.

हे सारे पारखून झाल्यावर पंख्याच्या तोलास हात घालावा. वारा पडलेल्या सकाळी विमानाचे शेपूट खुंटाला बांधून, चाकांपुढे ओंडके देऊन, गिअरपेटीच्या नाकाशी कंपमापक बसवितात, एका पात्याच्या पाठीवर चकचकीत पट्टी चिकटवितात आणि तिच्यावर प्रकाशनेत्र रोखतात. यंत्र पंख्याच्या वेगाचाच कंप वेगळा काढून त्याचे मान आणि दिशा दाखविते. मान इंच दर सेकंद या मापात सांगण्याचा प्रघात आहे, ०.०७ च्या आत आले म्हणजे उत्तम समजतात, आणि ०.२ च्या वर राहू देऊ नये असे जाणते सांगतात. मग ज्ञात वजनाचा एक वायसर ज्ञात कोनावर लावून पुन्हा इंजिन चालवावयाचे. दोन वाचनांतील फरकावरून खरे वजन किती आणि कोठे हवे ते कागदावर रेषा ओढून काढता येते. हे वायसर लावावयाचे कोठे, हाही प्रश्न आहे. लायकमिंगसारख्या सरळ जोडणीच्या इंजिनात पंख्यामागची स्टार्टरची दातेरी कडी ही त्यासाठी आयती जागा असते. माझ्दाच्या विमानात ती कडी गिअरपेटीच्या पलीकडे इंजिनाच्या वेगाने फिरते, आणि तेथे लावलेला वायसर पंख्याला न सुधारता चांगल्या इंजिनाला मात्र बिघडवितो. म्हणून तो पंख्याच्या नाकटोपीमागील तबकडीवरच, सुरक्षित आवळलेल्या स्क्रूखाली, लावावा लागतो.

एवढ्याशा वायसराने काय होणार असे वाटणाऱ्याने हिशेब करून पाहावा. पंख्याच्या टोकाशी, केंद्रापासून ८० सेंटिमीटरवर, तोळ्याहूनही थोडे कमी म्हणजे १० ग्रॅम वजन अधिक असेल, तर मिनिटाला १,२०० फेऱ्यांस ते सुमारे १३ किलोच्या प्रेरणेने आसाला ओढते; २,१०० फेऱ्यांस हीच प्रेरणा ३९ किलोवर जाते, आणि ती प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलीत असते. नोमच्या काळच्या संथ पंख्याला जे सोसले ते आजच्या गिअरपेटीच्या बेअरिंगांना सोसत नाही. मात्र पात्यांचे कोन आपसांत जुळत नसतील तर वायसरांनी साधलेला तोल केवळ जमिनीवरचा. विमान वेगात आले की फोर्ट मायरची विषमता पुन्हा उघडी पडते. म्हणून आधी कोन, मग पात्यांच्या टोकांचा मार्ग, आणि सर्वांत शेवटी वजन, हा क्रम अनुभवी कारागीर कधी मोडीत नाहीत.

हा खटाटोप पार पडल्यावर बांधणारा विमानाच्या वहीत वायसराचे वजन, कोन आणि अखेरचे वाचन टिपून त्याखाली सही करतो. हा शेरा त्या पंख्यासाठी, त्या तबकडीसाठी आणि आसावरील त्याच एका जागेसाठी खरा असतो. तेव्हा कोणी वाचक या उद्योगास लागलेच, तर त्यांना इतकेच सांगणे आहे की पंखा कोणत्याही कारणाने उतरविण्यापूर्वी तुंबा, तबकडी आणि आस या तिन्हींवर एका रेषेत पक्क्या रंगाची खूण करून ठेवावी, आणि ती नसेल तर वहीतला शेरा रद्द समजून तोल नव्याने पाहावा.